न वटलेली टोकनं

माझ्या संग्रहातलं एकही टोकन मी पैसे मोजून घेतलेलं नाही. गिरणीच्या कॅन्टीनची चहाची टोकनं, बँकेच्या काउंटरवरची पितळी टोकनं, गोदीतल्या एका कामगाराचा बिल्ला आणि लास वेगासच्या बंद पडलेल्या एका कॅसिनोची पाच डॉलरची चिप, हे सगळं कुणी ना कुणी माझ्या हातावर ठेवलेलं आहे. बाजारात या वस्तूंना भाव आहे. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर हिंडलो आणि खिसा सैल सोडला, तर याच्या दुप्पट माल सहज जमेल. पण त्या मालाचं मी काय करू, हे मला ठाऊक नाही. माझ्याकडे आहे त्याच्यामागे माणसं आहेत आणि त्या माणसांचं मी देणं लागतो. ते एकदा नीट मांडून ठेवावं, म्हणून हे लिहितो आहे.

टोकनाचा व्यवहार सगळीकडे सारखाच. आधी तुमच्याकडून काहीतरी घेतलेलं असतं. कधी रोकड, कधी चेक, कधी दिवसाची मेहनत. त्याचा मोबदला नंतर देऊ, असा शब्द धातूच्या तुकड्यावर ठोकून तुमच्या हातात दिला जातो. कॅसिनोतही हेच. टेबलावर नोटा खेळत नाहीत, चिपा खेळतात, आणि उठताना त्या खिडकीवर देऊन पैसे घ्यायचे असतात. म्हणजे प्रत्येक टोकन हे कुणाच्या तरी डोक्यावरचं कर्ज. कर्ज फिटलं की टोकन मालकाकडे परत जातं. माझ्यासारख्याच्या डब्यात येऊन पडतात ती बहुतेक फिटायची राहिलेली.

यातलं पहिलं देणं नानांचं. लालबागच्या आमच्या चाळीत नाना शेजारच्या खोलीत राहायचे. मूळ मालवणकडचे, कामाला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. रोजच्या बोलण्यात कमी ऐकू यायचं, कारण आयुष्य साच्यांच्या खडखडाटात गेलेलं. पण तिसऱ्या पाळीचा भोंगा झाला की झोपेतही त्यांना तो कळायचा. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात नेहमी अ‍ॅल्युमिनियमची चारदोन टोकनं वाजायची. एका बाजूला गिरणीच्या नावाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला कपबशी. पगाराच्या दिवशी कॅन्टीनमधून ती एकगठ्ठा घ्यायची आणि महिनाभर एकेक देऊन चहा प्यायचा. सुट्या पैशांची भानगड नको, वेळ मोडायला नको.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन ठेवणं मालकाला भाग पाडता येऊ लागलं. गिरण्यांमध्ये तर एकेका पाळीला हजारांनी माणसं. त्यांना थोड्या वेळात चहा पाजायचा म्हणजे टोकनाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. टोकनावर कपबशी असायची आणि किंमत नसायची, यालाही एक कारण मला पुढे वाचनात सापडलं. खाजगी माणसानं पैशासारखे चालतील असे धातूचे तुकडे काढू नयेत, असा इंग्रजांनी १८८९ साली केलेला एक स्वतंत्र कायदा होता. तो थेट २०११ च्या नाणे कायद्यापर्यंत टिकला. टोकनाची किंमत चहाएवढीच, ते नाणं होऊ नये, हा सरकारचा आग्रह. गिरणगावानं मात्र तो मनावर घेतला नव्हता. चहाचं टोकन देऊन पानवाल्याकडून विडी घेणं, दाढीचे पैसे कमी पडले तर टोकनानं भागवणं, हे नानांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मुंबईच्या साठाहून जास्त गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. नानांच्या खिशात त्या महिन्याची टोकनं शिल्लक होती. ती त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. त्या वर्षी गणपतीत चाळीत जागरणाला पत्ते बसले, तेव्हा ती खणातून बाहेर आली. एरवी आमच्याकडे तीन पत्तीला चिंचोके असायचे. पैसे लावायची परवानगी नव्हती. गणपतीसमोर जुगार नको, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी कुणाकडे लावायला पैसे नव्हतेच. चिंचोक्यांऐवजी टोकनं घेऊ, असं नानाच म्हणाले. मी तेव्हा शाळकरी पोर. माझ्याकडे बँक सोपवली होती, म्हणजे प्रत्येकाला टोकनं वाटायची आणि डाव उठला की गोळा करून नानांना मोजून द्यायची.

नाना ती रोज मोजून घेत. एक जरी कमी भरलं तरी सतरंजी झटकायला लावत. "गिरणी चालू झाली की चाय पिऊची आसा," असं म्हणत. पुढच्या वर्षीही तीच टोकनं निघाली, तसेच डाव झाले. पण रात्री मी मोजायला बसलो तर नाना म्हणाले, "ऱ्हवांदे. माका काय करूचीत ही? तू घे." संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. संप संपला तो प्रत्येक घरात वेगवेगळ्या दिवशी. आमच्या चाळीत तो त्या रात्री संपला, असं मला आजही वाटतं. माझ्या संग्रहाची सुरुवात या टोकनांनी झाली. संग्रह वगैरे शब्द तेव्हा माहीतही नव्हता.

दुसरं देणं खानावळवाल्या मावशींचं. काळाचौकीला एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांची खानावळ होती. त्या घाटावरच्या, साताऱ्याकडच्या. नवरा लवकर गेला, पदरात मुलगा. गिरणगावातल्या गाळ्यांमधून एकेका गावचे दहा-पंधरा पुरुष बायकापोरं गावी ठेवून राहायचे आणि या खानावळी त्यांना दोन वेळ जेवू घालायच्या. पैसे पगार झाल्यावर. सगळा धंदा शब्दावर. धान्य वाण्याकडून उधार, जेवण कामगाराला उधार, आणि मधे राबणारी बाई व्याजात बुडालेली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. त्यांना एकमेकींच्या जामिनावर बँकांकडून कर्ज मिळवून द्यायचं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवायचं, असं ते काम. मावशी त्यातल्याच एक.

संपाचे पहिले काही महिने मावशींनी जेवण बंद केलं नाही. मग एकेक जण गावी जाऊ लागला. जाताना हिशेब द्यायला कुणाकडे रोकड नव्हती. कुणी भांडं ठेवलं, कुणी घड्याळ ठेवलं, आणि काहींनी खिशातली चहाची टोकनं ठेवली, कारण मावशींचा मुलगाही त्याच गिरणीत बदली कामगार होता. त्याला ती पुढे चालली असती. मावशींनी ती नाकारली नाहीत. डालड्याच्या डब्यात टाकत गेल्या.

पुष्कळ वर्षांनी आईबरोबर मी त्यांच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता नानांच्या टोकनांचा विषय निघाला. मावशी उठल्या आणि माळ्यावरून तो डबा काढून माझ्यासमोर पालथा केला. मी पाकिटाकडे हात नेला, तसा त्यांचा आवाज चढला. "पैशे कसले देतूस? ही टोकनं न्हवंत, माझी उधारी हाय. उधारी कुणी इकत घेतं व्हय? ठिव तुझ्याकडं, आन कुणाकुणाची हाय ते लिहून घे." मग त्यांनी आठवेल तशी नावं सांगितली. कुठल्या गावचा, कुठल्या खात्यात, कुणाचा भाऊ, जेवायला काय आवडायचं. मी आईच्या पिशवीतल्या वाण्याच्या यादीच्या पाठीमागे लिहीत गेलो. संग्रहाबरोबर वही ठेवायची सवय मला त्या दुपारी लागली. टोकन एका खणात आणि त्याचा माणूस वहीत.

वहीमागची शिस्त मात्र बाबांची. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. हे वर्कशॉप १८७९ चं, जीआयपी रेल्वेच्या काळातलं. तिथे प्रत्येक कामगाराला नंबर ठोकलेलं पितळी टोकन असे. सकाळी टाइम ऑफिसपाशी ते उचलायचं, फळ्यावरचा आपला खिळा रिकामा करायचा. वेळ टळली की फळा बंद आणि दिवस बुडाला. वर्कशॉपमध्ये माणूस नावापेक्षा टोकनावरच्या टी नंबरानं ओळखला जायचा. बाबांच्या निवृत्तीचे दिवस जवळ आले तेव्हा मला वाटलं, हे टोकन तरी घरचं आहे, ते आपल्याला मिळणार. मी तसं बोलूनही दाखवलं. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते माझं नाही, रेल्वेचं आहे. मी ते रोज परत केलंय, शेवटच्या दिवशीही करणार."

त्यांनी तसंच केलं. त्यामुळे बाबांचं टोकन माझ्याकडे नाही, फक्त नंबर वहीत आहे. पण ती रिकामी जागा मला इतर सगळ्या टोकनांपेक्षा जास्त शिकवून गेली. देणाऱ्याची वस्तू त्याची असली पाहिजे. कारखान्यातून ढापलेली, कचेरीच्या खणातून खिशात टाकलेली वस्तू कुणी कितीही प्रेमानं दिली तरी मी घेत नाही. यामुळे काही सुंदर नग हातचे गेले. बाबांपुढे मान खाली घालायची वेळ आली नाही, हा त्यातला फायदा.

हीच कसोटी गिरगावच्या काकांनी न सांगता पाळली. काका म्हणजे आत्याचे यजमान. एका सहकारी बँकेत हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. दक्षिण मुंबईत सहकारी बँकांची परंपरा जुनी आहे. शामराव विठ्ठल १९०६ ची, सारस्वत १९१८ ची. या बँकांच्या काउंटरसमोर बसून आलेल्या पिढीला टोकनाचा आवाज ओळखीचा असेल. चेक दिला की कारकून त्याच्या पाठीमागे सही घेणार, टोकनाचा नंबर चेकवर लिहिणार आणि ते जड पितळी टोकन तुमच्या हाती देणार. चेक खातेवहीत उतरून, साहेबाची सही होऊन जाळीमागच्या कॅशियरकडे पोचेपर्यंत तुम्ही बाकावर. मग नंबराचा पुकारा. काकांचा आवाज खणखणीत. लग्नाच्या पंगतीतही ते "वाढा" म्हणाले की लोक हसून म्हणत, "नंबर किती?"

टोकन हरवलं तर काय, असं मी एकदा विचारलं. काकांनी दिलेलं उत्तर ऐकण्यासारखं होतं. ज्याच्या हातात टोकन, त्याला पैसे, हा नियम. म्हणून हरवलं असं कळलं की आधी तो नंबर कॅशियरच्या जाळीत चिकटवायचा, मग खातेदाराकडून लिहून घ्यायचं, आणि तो नंबर पुन्हा कधी काढायचा नाही. त्यांच्या शाखेच्या संचात असे काही नंबर कायमचे गळालेले होते. संगणक आले, चेक काउंटरवरच वटू लागले, आणि टोकनांचा पेटारा भंगारात काढायचं ठरलं. काकांनी रीतसर अर्ज केला, पितळेच्या वजनाचे पैसे भरले, पावती घेतली आणि दोन टोकनं घरी आणली. ती पावतीसकट मला दिली. नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांनी टोकनांपेक्षा त्या पावतीकडेच जास्त वेळ पाहिलं होतं. मलाही तीच जास्त मोलाची वाटते.

गोदीतला बिल्ला आला तो बाबांच्या मित्राकडून. पोरवयात आम्हा सगळ्यांना वाटायचं की त्यावर ७८६ नंबर असणार, कारण १९७५ च्या 'दीवार'मध्ये अमिताभच्या छातीला वाचवणारा गोदी कामगाराचा बिल्ला आम्ही पडद्यावर पाहिला होता. या बिल्ल्याचा नंबर साधाच निघाला. बाबांच्या मित्रानं तो देताना एवढंच विचारलं, "तुला याचं काय पडलंय?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तरी त्यांनी दिला.

चोर बाजारातल्या चाचांचा उल्लेख केला नाही तर हा हिशेब खोटा ठरेल. जुने दिवे आणि कुलपं विकणारं त्यांचं दुकान. तिथे मी विकत काहीच घेत नसे, तरी त्यांनी मला कधी हटकलं नाही. उलट दोन गोष्टी शिकवल्या. नवं पितळ आणि हाताळून झिजलेलं पितळ यांतला फरक कडेवरून बोट फिरवून ओळखायचा. आणि टोकन कधी घासायचं नाही. आई माझी टोकनं चिंच लावून समईसारखी लख्ख करायला निघाली होती. चाचांनी सांगितलेलं मी तिला सांगितलं, "त्यावरचा काळेपणा म्हणजे माणसांचे हात आहेत, ते पुसू नका." आईनं चिंच ठेवून दिली. दुकानात गिरणीची टोकनं किलोच्या भावानं आली की चाचा मला बोलावून घेत, पण विकत नसत. "तुझा हिशेब माणसांचा आहे, माझ्याकडे माणूस कुठे आहे?" असं म्हणत. धंद्यात बसलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला असं परत पाठवणं सोपं नाही.

आता कॅसिनोच्या चिपेकडे येतो. मुंबईच्या माणसाकडे अशी चिप सहसा नसते आणि त्यालाही कायदा कारण आहे. इथे १८८७ चा जुगारबंदी कायदा. महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोव्यात मात्र तिथल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्त्या करून १९९२ मध्ये मोठ्या हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार आणि १९९६ मध्ये पाण्यातल्या जहाजांवर कॅसिनो चालवायला वाट दिली. मांडवी नदीत दिवे लावून उभी असलेली ती जहाजं ही त्याचीच फळं. मुंबईनं स्वतःची चिप कधी काढली नाही. इथे जी दिसते ती कुणीतरी बाहेरून खिशातून आणलेली.

माझी आणली बारक्यानं. हा आमच्याच चाळीतला, माझ्याहून बराच लहान. गणपतीच्या पत्त्यांत तो माझ्या मांडीवर बसून टोकनांच्या चळती रचायचा. मोठा झाल्यावर पत्ते पिसण्याचा तोच हात त्याला उपयोगी पडला. आधी गोव्यात आणि मग परदेशी क्रूझवर तो डीलर म्हणून लागला. चाळीत हे सांगताना त्याच्या आईला "हॉटेल लाइनमध्ये आहे" असं म्हणावं लागायचं. सुटीवर आला की तो आधी माझ्याकडे यायचा. एका खेपेला त्यानं स्टारडस्टची चिप आणली. लास वेगासचा हा कॅसिनो १९५८ मध्ये उघडला, २००६ च्या नोव्हेंबरात बंद झाला आणि पुढच्या मार्चमध्ये सुरुंग लावून इमारत पाडली. बारक्याला ती चिप जहाजावरच्या एका म्हाताऱ्या अमेरिकन सहकाऱ्यानं दिली होती. बारक्यानं त्याला आमच्या चाळीतल्या चहाच्या टोकनांची गोष्ट सांगितली, म्हणून.

चिप हातात घेतली की कळतं, वस्तू विचार करून बनवलेली आहे. दाबून बसवलेल्या मातीसारख्या मिश्रणाची, बोटांना धरायला बरी, कडेला वेगळ्या रंगाचे तुकडे आरपार बसवलेले. रंग नुसता वर फासला असता तर नक्कल सोपी झाली असती. अशा चिपा जमवणाऱ्यांची अमेरिकेत १९८८ पासून संघटना आहे. पण बारक्यानं मला वस्तूपेक्षा जो नियम सांगितला, त्यानं माझी झोप उडाली. नेवाडा राज्यात जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे आणि तिथल्या नियमांनुसार कॅसिनो बंद करायचा असेल तर बाजारात राहिलेल्या चिपांचे पैसे कसे चुकते करणार, याची योजना आधी सरकारला द्यावी लागते. बंद झाल्यावरही किमान १२० दिवस चिपा परत घेऊन पैसे द्यावे लागतात, तशी जाहीर सूचना करावी लागते. मग परत आलेल्या चिपा नष्ट करायच्या. जुगाराच्या अड्ड्यानं पाच डॉलरसुद्धा बुडवून पळू नये, याची ही तजवीज.

मी ती चिप नानांच्या टोकनांशेजारी ठेवली आणि पुष्कळ वेळ पाहत बसलो. नानांच्या गिरणीला अशी सूचना द्यावी लागली नव्हती. चहा तर सोडाच, हिशेबाचे पैसे मिळवायला कामगारांची वर्षं गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली. त्या पैशातून कामगारांची देणी भागतील, जमिनीचा वाटा मोकळ्या जागेला आणि घरांना मिळेल, असं म्हटलं होतं. २००१ च्या दुरुस्तीनंतर वाटणीला फक्त आधीच मोकळी असलेली जमीन उरली, आणि २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती उचलून धरली. पुढे काय उभं राहिलं ते परळ, लोअर परळला मान वर करून पाहिलं की दिसतं. हे सगळं मी वर्तमानपत्रांत वाचलेलं होतं. पण ते मला नीट समजलं, ते बारक्याच्या चिपेमुळे. जुगारी माणसाच्या हातातल्या मातीच्या तुकड्याला जो मान होता, तो साच्यावर उभं आयुष्य काढणाऱ्याच्या टोकनाला नव्हता.

नानांचं देणं थोडंफार फेडायची एक संधी मला मिळाली. गिरणी कामगारांना घरं देण्यासाठी अर्ज मागवले गेले, तेव्हा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस पात्र धरले होते. नाना तोवर गेले होते. नानांच्या पत्नी, आमच्या काकू, आणि त्यांची मुलगी कागद शोधत होत्या. पगारपावत्या पावसाच्या पाण्यात गेलेल्या, ईएसआयच्या कार्डावरची अक्षरं पुसलेली. तिकीट नंबर कुणाला आठवेना. मुलगी माझ्याकडे आली, कारण लहानपणी मी तिच्या वडिलांना खोदून खोदून विचारायचो ते तिच्या लक्षात होतं. वहीत नोंद होती. गिरणी, साचेखातं, पाळी आणि तिकीट नंबर. नानांनीच तो कधीतरी मला सांगितला होता, तीन पत्तीत हरल्यावर, "माझो नंबरच खराब," असं म्हणत. त्या नंबरावरून पुढची शोधाशोध झाली आणि अर्ज भरला गेला. लाखाहून जास्त अर्जदार आणि २०१२ च्या मोठ्या सोडतीत घरं ६,९२५. काकूंचं नाव त्यात लागलं नाही. तरी त्या मला म्हणाल्या, "ह्यांचो नंबर तुझ्याकडे ऱ्हवलो, ह्या बरा झाला."

यानंतर संग्रहाकडे पाहायची माझी नजर बदलली. तोवर टोकन मुख्य आणि वही पुरवणी होती. आता वही मुख्य आहे. कुणी टोकन दाखवायला आलं तर मी आधी खुर्ची देतो, चहा सांगतो, आणि माणसाला बोलू देतो. टोकन घेतलंच पाहिजे असं नाही. नावं, खाती, नंबर, गाव, कुणाबरोबर जेवायचे, कुठल्या गाळ्यात राहायचे, हे लिहून घेतो आणि वाचून दाखवतो. परवा एक गृहस्थ आले. वडिलांचा गोदीतला बिल्ला दाखवला, दोन तास बोलले आणि बिल्ला परत घेऊन गेले. मला वाईट वाटलं नाही. माझं काम झालं होतं.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करण्याचं काम महापालिकेनं हाती घेतलं आहे. तिथे यंत्रं ठेवता येतील, नकाशे आणि छायाचित्रं लावता येतील. माझी टोकनं शेवटी कुठे जावीत, असं मुलं विचारतात. मी सांगून ठेवलं आहे, वहीसकट घेणार असतील तरच द्या. नुसती टोकनं मागितली तर देऊ नका. वहीशिवाय ती अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ आहेत, आणि त्याचा भाव भंगारवाल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. बारक्याची चिपही त्यांच्याबरोबरच राहील. नेवाडाच्या त्या नियमाची आठवण गिरणगावात कुणीतरी ठेवायला हवी.

विकत घेऊन जमवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळेच पुष्कळ वस्तू भट्टीतून वाचल्या. पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा हिशेब पैसे देताच मिटतो. नाना, मावशी, काका, चाचा आणि बारक्या यांनी माझा हिशेब मिटू दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा. बाबांनी तर काही न देताच देणेकरी करून ठेवलं.

वाचकांना एकच सांगणं आहे. तुमच्या घरात देव्हाऱ्याखाली, शिलाई मशीनच्या खणात किंवा गावाकडच्या ट्रंकेत असं एखादं टोकन, बिल्ला, कूपन असेल तर ते मला पाठवू नका. घरातलं जे माणूस त्याबद्दल सांगू शकेल, त्याच्याजवळ आज संध्याकाळी बसा आणि टोकन ज्याचं होतं त्याचं नाव, खातं, नंबर एका कागदावर लिहून टोकनासोबत गुंडाळून ठेवा. त्या माणसाच्या पश्चात हे सांगायला दुसरं कुणी उरणार नाही.